डेड एअर म्हणजे नेमकं काय, आणि सायलेन्स डिटेक्टर असूनही ती का होते?

प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत. 'डेड एअर'चा नेमका अर्थ काय, किती सेकंदांच्या शांततेला डेड एअर म्हणायचं, आणि सायलेन्स डिटेक्टर (शांतता ओळखून इशारा देणारं किंवा पर्यायी कार्यक्रम सुरू करणारं यंत्र) बसवलेला असतानाही एखाद्या केंद्रावरून पाच-पाच मिनिटं शांतता कशी जाते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच दडलेलं आहे, म्हणून आधी अर्थ पक्का करू.

ट्रान्समीटर चालू आहे, वाहक लहर हवेत जाते आहे, श्रोत्याचा रेडिओ ती पकडतोही आहे, पण त्या लहरीवर कार्यक्रमच चढलेला नाही. या अवस्थेला डेड एअर म्हणतात. प्रक्षेपण बंद पडणं म्हणजे वाहक लहरच जाणं, ती वेगळी गोष्ट. बोलताना दोन्हींना सर्रास 'केंद्र बंद पडलं' म्हटलं जातं आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. वाहक लहर गेली असेल तर दोष ट्रान्समीटर, वीजपुरवठा, फीडर केबल किंवा अँटेना यांत शोधायचा. डेड एअर असेल तर तो बहुतेक वेळा त्याच्या अलीकडे, म्हणजे स्टुडिओ, कार्यक्रम वाजवणारा प्लेआउट संगणक किंवा स्टुडिओपासून ट्रान्समीटरपर्यंतच्या लिंकमध्ये असतो. शब्द चुकला की दुरुस्तीला निघालेला माणूस चुकीच्या टोकाला पोहोचतो, आणि ट्रान्समीटर डोंगरावर असेल तर त्यात दोन तास जातात.

एफएमवर हा फरक कानालाही कळतो. वाहक लहर पुरेशी ताकदवान असली की एफएम रेडिओतला गोंगाट दबतो, त्यामुळे डेड एअर स्वच्छ, काळीभोर शांतता म्हणून ऐकू येते. वाहक लहर गेली की खरखर सुरू होते. मात्र बऱ्याच कार रेडिओंमध्ये कमजोर सिग्नलला आवाज आपोआप बंद करण्याची सोय असते आणि तिथे दोन्ही अवस्था सारख्याच वाटतात. तपासणीसाठी जुन्या पद्धतीचा साधा रेडिओ जवळ ठेवावा तो याच कारणासाठी. मध्यम लहरीवर वाहक लहर गेली की रेडिओ आपला गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) वाढवतो आणि आजूबाजूचा विद्युत गोंगाट वर येतो.

एफएम स्टिरिओ केंद्राचं आणखी एक निदान फुकटात मिळतं. डावी-उजवी वाहिनी एकत्र बांधणारा स्टिरिओ एन्कोडर १९ किलोहर्ट्झचा पायलट टोन सतत पाठवत असतो आणि केंद्राचं नाव दाखवणारा आरडीएस डेटा ५७ किलोहर्ट्झवर बसलेला असतो. आवाज नाही, पण रेडिओवर स्टिरिओचा दिवा लागलेला आहे आणि नावही दिसतं आहे, तर स्टिरिओ एन्कोडरपासून अँटेनापर्यंतची साखळी शाबूत आहे. दोष त्याच्या आधी शोधा. या एका निरीक्षणाने शोधाचं क्षेत्र निम्म्यावर येतं. डिजिटल रेडिओवर मात्र कानाचा उपयोग नाही. सिग्नल गेला तरी शांतता, कार्यक्रम गेला तरी शांतता. तिथे सिग्नलची पातळी पडद्यावरच पाहावी लागते.

टीव्हीत याचं रूप काळा पडदा किंवा गोठलेलं चित्र, आणि सोबत शांतता. गोठलेलं चित्र ओळखणारं यंत्र स्थिर पाटी दाखवली की उगाच बोंबलतं, म्हणून चित्र आणि आवाज दोन्ही गेले तरच आपोआप बदल करावा; एकच गेलं तर फक्त इशारा द्यावा.

आता सेकंदांचा प्रश्न. सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही, आणि नसणंच बरोबर आहे. बोलताना एक सेकंदाचा विराम स्वाभाविक वाटतो, दोन सेकंदांचा विराम हेतुपूर्वक घेतल्यासारखा वाटतो. तीन-चार सेकंदांनंतर श्रोता आवाजाच्या बटणाकडे हात नेतो, आणि दहा सेकंदांत केंद्र बदलायला मोकळा होतो. पण हे झालं बोलक्या किंवा सिनेसंगीताच्या वाहिनीचं. पाश्चात्त्य सिंफनीच्या दोन भागांमध्ये अर्धा मिनिट नुसती सभागृहाची कुजबुज असू शकते. नाटकातली शांतता तर संवादाइतकीच लिहिलेली असते. म्हणून व्याख्येत 'हेतू' हा शब्द आलाच पाहिजे: ठरवून न घेतलेली शांतता म्हणजे डेड एअर.

अडचण अशी की हेतू यंत्राला कळत नाही. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची १९५२ची '४ मिनिटं ३३ सेकंद' ही रचना याचं चोख उदाहरण. तीत वादक एकही सूर वाजवत नाहीत. २००४च्या जानेवारीत बीबीसी रेडिओ ३ने ती लंडनच्या बार्बिकन सभागृहातून प्रसारित केली, तेव्हा शांतता जाणवताच आपोआप पर्यायी कार्यक्रम सुरू करणारी आपत्कालीन व्यवस्था तेवढ्या वेळापुरती बंद ठेवावी लागली. श्रद्धांजलीचं मौन थेट प्रसारित करतानाही हेच करावं लागतं, आणि आणखी एक गोष्ट: त्या ठिकाणचा मायक्रोफोन उघडाच ठेवायचा. वारा, पावलं, कुणाचं खाकरणं यांतून श्रोत्याला कळतं की केंद्र जिवंत आहे आणि मौन चालू आहे. फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) पूर्ण खाली ओढून पाळलेलं मौन घरी ऐकणाऱ्याला बिघाडच वाटतं.

याची उलट बाजू दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या (आताच्या सेंट पीटर्सबर्गच्या) वेढ्यात दिसली. १९४१ ते १९४४ या काळात तिथल्या रेडिओवर कार्यक्रम नसताना मेट्रोनोमची (संगीतातला ठेका मोजणाऱ्या यंत्राची) टिकटिक चालू ठेवली जाई. संथ टिकटिक म्हणजे सध्या धोका नाही, जलद म्हणजे हवाई हल्ला. त्या शहरात रेडिओ गप्प होणं म्हणजे काय वाटलं असतं, याचा विचार केला की या साध्या तांत्रिक शब्दाचं वजन समजतं. लघुलहरीवरची केंद्रं दोन सभांच्या मधे एखादी छोटी धून पुन्हा पुन्हा वाजवत असत, तीही लहर मोकळी राहू नये आणि श्रोत्याला केंद्र सापडावं म्हणूनच.

डेड एअर होते कशाने? लोक आधी यंत्राकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात पहिली तपासणी प्लेआउट सॉफ्टवेअरच्या मोडची करावी. निवेदक थेट कार्यक्रमासाठी ते 'मॅन्युअल' किंवा 'लाइव्ह असिस्ट'वर घेतो, कार्यक्रम संपवून उठतो आणि 'ऑटो'वर परत टाकायला विसरतो. चालू असलेलं गाणं संपतं आणि संगणक पुढच्या आज्ञेची वाट बघत बसतो. त्याच्या लेखी काहीही बिघडलेलं नसतं. उपाय म्हणून खोली सोडण्याआधी मोड मोठ्याने वाचून दाखवण्याची सवय लावावी, आणि सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर मॅन्युअल मोडला वेळेची मर्यादा घालावी.

दुसरं कारण फाइलच्या शेपटीत असतं. प्रत्येक गाण्याला 'इथून पुढचं सुरू कर' अशी खूण असते. ती फाइलच्या अगदी शेवटी पडली आणि गाणं हळूहळू विरत जाणारं असेल, तर पाच-सात सेकंद जवळजवळ शांतता जाते. जुन्या सीडींवरून उतरवलेल्या काही शेवटच्या गाण्यांमागे कित्येक मिनिटांची मोकळी जागा आणि मग लपवलेलं गाणं असतं. तशी फाइल न तपासता चढली तर सलग मोठी डेड एअर ठरलेलीच. संग्रहात फाइल घेतानाच एफएफएमपेग या सॉफ्टवेअरच्या 'सायलेन्सडिटेक्ट' फिल्टरमधून ती काढावी. त्याची मूळ मर्यादा उणे ६० डेसिबल (म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीच्या ६० डेसिबल खाली) आणि २ सेकंद अशी आहे. विरत जाणारे शेवट पकडायला उणे ४५पर्यंत वर आणावी लागते, पण मग शास्त्रीय संगीतातले आलापही पकडले जातात. म्हणून यंत्राने दाखवलेल्या फाइली माणसाने ऐकून खूण पक्की करावी, सरसकट आपोआप छाटू नयेत.

तिसरं कारण हिशेबाचं. तासाभराचा क्रम ५९ मिनिटं १० सेकंदांचाच भरला आणि बातम्या ठरलेल्या सेकंदाला जोडायच्या असतील, तर उरलेली ५० सेकंदं कोण भरणार? इथे फिलर लागतो, आणि तो उलट मोजून सुरू करायचा असतो. समजा वाद्यधून २ मिनिटं ३० सेकंदांची आहे आणि बातम्या १०:००:०० वाजता आहेत. धून ९:५७:३० ला फेडर बंद ठेवून सुरू करा. बोलणं ९:५९:१० ला संपलं की फेडर दोन-तीन सेकंदांत वर घ्या. धून नैसर्गिकपणे, शेवटच्या सुरासकट, नेमकी दहाच्या ठोक्याला संपते. मधेच तोडावी लागत नाही आणि शांतताही जात नाही. धूनमध्ये शब्द नसावेत, नाहीतर फेडर वर येतो तो एखाद्या ओळीच्या मध्यावर. स्टुडिओचं घड्याळ आणि प्लेआउटचं घड्याळ एकाच वेळस्रोताला जुळलेली नसतील तर हा सगळा हिशेब वाया जातो. तीन सेकंदांचा फरक म्हणजे दर तासाला तीन सेकंदांची डेड एअर, किंवा बातम्यांचा पहिला शब्द कापलेला.

कन्सोलवरची (सगळे फेडर असलेल्या मिक्सरवरची) चूक ओळखायला सर्वांत फसवी असते. निवेदकाने गाणं 'क्यू'वर, म्हणजे हवेत न सोडता फक्त स्वतःपुरतं, ऐकलेलं असतं, हेडफोनमध्ये ते छान वाजत असतं, फेडर मात्र खाली. किंवा चॅनल हवेत जाणाऱ्या 'प्रोग्रॅम' बसऐवजी (बस म्हणजे कन्सोलमधला आवाजाचा मार्ग) हवेत न जाणाऱ्या 'ऑडिशन'वर टाकलेला. कानात आवाज आहे म्हणजे हवेतही आहे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. पूर्वी हेडफोनमध्ये थेट रेडिओवरून आलेला आवाज देत, तेव्हा ही चूक लगेच कळे. आता प्रोसेसिंग आणि डिजिटल प्रक्षेपणात होणाऱ्या विलंबामुळे स्वतःचाच आवाज उशिरा ऐकून बोलणं अडखळतं, म्हणून हेडफोनला कन्सोलचाच आवाज दिला जातो. त्याची भरपाई म्हणून निवेदकाच्या नजरेसमोर हवेतून घेतलेल्या सिग्नलचा वेगळा मीटर असलाच पाहिजे. माझ्या मते स्टुडिओतल्या कुठल्याही नव्या उपकरणाआधी हा मीटर घ्यावा.

एक अर्धवट डेड एअरही असते. एखादी केबल उलटी जोडली गेली आणि डाव्या-उजव्या वाहिनीची ध्रुवता एकमेकींविरुद्ध झाली, तर स्टिरिओवर आवाज थोडा विचित्र पण ऐकू येतो. मोनो रेडिओवर मात्र दोन्ही वाहिन्यांची बेरीज होते आणि मधोमध असलेला निवेदकाचा आवाज नाहीसा होतो. स्टुडिओत सगळे मीटर नाचत असतात आणि श्रोते मात्र फोन करून 'आवाज नाही' सांगतात. मॉनिटरवरचं मोनो बटण दाबून पाहा. दोन्ही वाहिन्या किती जुळतात ते दाखवणारा फेज मीटर उणे एककडे झुकलेला दिसेल.

आता मूळ प्रश्न: डिटेक्टर असून तो का चालत नाही? डेड एअरमध्ये सगळी यंत्रं आपापल्या परीने निरोगी असतात, फक्त आशय गेलेला असतो. 'सिग्नल आहे का' एवढंच विचारणाऱ्या प्रत्येक यंत्राला 'आहे' असंच उत्तर मिळतं. बहुतेक फसलेल्या डिटेक्टरांच्या मुळाशी हेच असतं.

सगळ्यांत जास्त चुका पातळीच्या मर्यादेत होतात. शांतता म्हणजे शून्य असं धरून मर्यादा उणे ६० डेसिबलवर ठेवली जाते. पण लाइनवरचा गुणगुणाट उणे ५५वर असेल, तर माइक बंद असतानाही डिटेक्टरला 'कार्यक्रम' दिसत राहतो आणि तो कधीच चालत नाही. आधी दोन मोजमापं घ्या: सगळे फेडर बंद असताना लाइनवरचा गोंगाट किती, आणि तुमच्या कार्यक्रमातला सर्वांत हळू बोलण्याचा भाग किती. समजा उणे ५५ आणि उणे ३५ आले, तर मर्यादा उणे ४५वर ठेवा. गोंगाटापेक्षा निदान १० डेसिबल वर, हा नियम पाळावा. दोन्हींमध्ये तेवढी जागाच नसेल तर डिटेक्टरशी झगडू नका, आधी लाइनचा गोंगाट कमी करा. वेळेची मर्यादा बोलक्या वाहिनीला १० ते १५ सेकंद पुरते. शास्त्रीय संगीताला ४० ते ६० सेकंद लागतात.

दुसरी चूक जागेची. डिटेक्टर आवाजाची पातळी एकसारखी करणाऱ्या ऑडिओ प्रोसेसरच्या नंतर लावला आणि प्रोसेसरचं गेट (शांततेत गेन वाढू न देणारी सोय) नीट बसवलेलं नसेल, तर शांततेत प्रोसेसर गेन वाढवत नेतो, सोबत गोंगाटही वर खेचतो आणि डिटेक्टर फसतो. म्हणून मुख्य डिटेक्टर प्रोसेसरच्या आधी लावावा. त्याला प्रोसेसरचा बिघाड दिसणार नाही, त्यासाठी दुसरा डिटेक्टर हवेतल्या सिग्नलवर ठेवावा. पण या दुसऱ्याचाही एक सापळा आहे. वाहक लहर गेली की रिसीव्हर खरखर करतो, आणि खरखर हाही आवाजच! डिटेक्टर खूश राहतो. वाहक लहरीच्या पातळीचा इशारा वेगळा घ्यावाच लागतो. सुरुवातीला केलेला दोन अवस्थांमधला भेद इथे तारांच्या जोडणीत उतरतो.

डिजिटल लाइनवरचे आपोआप बदलणारे स्विचही असेच फसतात. ते 'लॉक गेलं तर बदल' असे बसवलेले असतात; लॉक म्हणजे येणाऱ्या डिजिटल सिग्नलशी असलेली जुळणी. संगणकाचं सॉफ्टवेअर गोठलं तरी साउंड कार्ड शून्यांचा नेटका प्रवाह पाठवत राहतं. लॉक शाबूत, आवाज नाही. स्विचमध्ये शांततेची अट वेगळी चालू करावी लागते.

काही छोट्या गोष्टी. लाइनवर अधूनमधून 'टक्' असा आवाज येत असेल तर प्रत्येक टकटकीला डिटेक्टरची मोजणी शून्यावर जाते. दर आठ सेकंदांनी एक टक् आली तर १५ सेकंद कधीच भरत नाहीत. अशा वेळी आवाज किती काळ टिकला म्हणजे तो खरा मानायचा, ही सेटिंग वाढवावी. डावी-उजवी यांपैकी एकच वाहिनी गेली तर फक्त इशारा, दोन्ही गेल्या तर बदल, अशी रचना ठेवावी, कारण काही जुन्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत गायन एकाच बाजूला असतं. आणि गोठलेल्या संगणकाने अर्ध्या सेकंदाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला तर कुठलाही शांतता-डिटेक्टर ते पकडणार नाही. तिथे माणसाचाच कान हवा.

इंटरनेट प्रवाहाबद्दलची एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. आइसकास्ट या प्रवाह पुरवणाऱ्या सर्व्हरमधला फॉलबॅक माउंट (पर्यायी प्रवाह) स्रोत तुटला तरच चालतो. एन्कोडर (आवाजाचं इंटरनेट प्रवाहात रूपांतर करणारा) इमानदारीने शांतता पाठवत असेल तर स्रोत तुटलेलाच नसतो, आणि श्रोते रात्रभर शांतता ऐकतात. त्यासाठी एन्कोडरच्या आधी शांतता ओळखणारा टप्पा लागतो. लिक्विडसोप या प्रवाह जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'ब्लँक डॉट स्ट्रिप' ही आज्ञा स्रोताला शांततेत अनुपलब्ध ठरवतं, मग पर्यायी यादी आपोआप पुढे येते.

पर्यायी व्यवस्था टप्प्याटप्प्याने बांधावी. १० सेकंदांना स्टुडिओत दिवा लागावा, भोंगा नको, कारण माइक उघडा असू शकतो. २० सेकंदांना दुसरी लिंक यावी. ३० सेकंदांना ट्रान्समीटरच्या जागीच असलेला प्लेअर सुरू व्हावा. दुसरी लिंक खरोखर दुसरी हवी: दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या एकाच खांबावरून आल्या असतील तर ती एकच लिंक आहे. स्थानिक प्लेअरवर काही तासांचा मजकूर ठेवा, त्यात केंद्राचं नाव अधूनमधून यावं, वेळ, 'शुभ सकाळ' किंवा तारखेच्या जाहिराती नसाव्यात. मूळ आवाज परतला की लगेच उडी मारू नये. १५ ते ३० सेकंद सलग आवाज टिकला तरच परतावं, नाहीतर दोन स्रोतांमध्ये ये-जा सुरू होते. महिन्यातून एकदा सर्वांत कमी श्रोत्यांच्या वेळी फेडर खरोखर खाली घेऊन ही साखळी चालवून पाहा. न चालवलेल्या प्लेअरमधलं कार्ड खराब झालेलं असतं, किंवा इशाऱ्याच्या दोन तारा उलट्या असतात, आणि हे नेमकं गरजेच्या रात्री कळतं.

आणि प्रत्यक्ष क्षणी निवेदकाने काय करावं? आधी बोलावं, शोध नंतर. माइक उघडा, केंद्राचं नाव आणि वेळ सांगा, पुढे काय येणार आहे ते सांगा. 'तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगीर आहोत' एकदा पुरे. पुन्हा पुन्हा म्हटलं की श्रोत्याचं लक्ष बिघाडावरच राहतं. मुख्य संगणकाशी संबंध नसलेल्या वेगळ्या प्लेअरवर एक मोठी धून कायम तयार ठेवावी, ती लावावी, आणि मग प्रोग्रॅम मीटरकडे पाहावं. तो हलत नसेल तर दोष तुमच्या टेबलावर आहे: मोड, फेडर, बस, फाइल, याच क्रमाने. मीटर हलतो आहे पण हवेतला मीटर पडलेला आहे, तर कन्सोलला हात लावू नका, तंत्रज्ञाला फोन करा आणि बोलत राहा, कारण लिंक कधी जुळेल ते सांगता येत नाही.

नोंदवहीत सुरू आणि संपल्याची वेळ सेकंदांसकट, स्टिरिओचा दिवा आणि नाव दिसत होतं की नाही, कुठला मीटर हलत होता, आणि कुठली गोष्ट केल्यावर आवाज आला, एवढं लिहा. नुसतं 'डेड एअर, २ मिनिटं' लिहिलेल्या नोंदीवरून पुढच्या वेळी काहीच शोधता येत नाही.